स्टार वॉर्सच्या मूळ त्रयीचा शेवट चाहते अजूनही का बदलून पाहतात? तुमच्या हातात असतं तर तुम्ही काय बदललं असतं?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी बरीच वर्षं विचार करतोय, पण पहिल्याशिवाय त्याचं उत्तर देता येणार नाही.

हा शेवट चाहत्यांच्या आधी खुद्द करणाऱ्यांनीच बदलून बदलून पाहिला होता. त्रयीतला शेवटचा चित्रपट, 'रिटर्न ऑफ द जेडाय', २५ मे १९८३ रोजी आला. त्याच्या दोन वर्षं आधीच्या कच्च्या खर्ड्यात डेथ स्टार (अख्खा ग्रह उडवणारा साम्राज्याचा अंतराळतळ) एक नव्हे, दोन होते आणि शेवटची गाठभेट साम्राज्याच्या राजधानीच्या ग्रहाखाली, उकळत्या लाव्हाच्या काठी होणार होती. कुणीतरी जवळचं पात्र मेल्याशिवाय प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागणार नाही, असं सहलेखक लॉरेन्स कॅसडनला वाटत होतं. हॅरिसन फोर्ड तर आपण साकारलेल्या हान सोलोला मारून टाका म्हणून मागे लागला होता. स्टार वॉर्सचा जनक जॉर्ज लुकासनं ते मान्य केलं नाही. पहिल्या दोन चित्रपटांचा निर्माता गॅरी कर्ट्झ यानं २०१० मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की मूळ बेत बराच उदास होता: हान मरतो, त्याची प्रेयसी राजकन्या लेया आपल्या उरल्यासुरल्या लोकांची राणी होते आणि नायक ल्यूक एकटाच निघून जातो. कथेवर चर्चा चालू असताना लुकासनं आणखी एक शक्यता बोलून दाखवली होती. सम्राटाचा मुखवटाधारी हस्तक आणि ल्यूकचा बाप व्हेडर मेल्यावर ल्यूक त्याचा मुखवटा स्वतःच चढवतो आणि आता मीच व्हेडर म्हणतो. कॅसडनला ती पसंत पडली. लुकासनं मात्र हा लहान मुलांचा चित्रपट आहे म्हणून ती तिथेच सोडून दिली.

आणि चित्रपट पूर्ण झाल्यावर तरी तो शेवट कुठे स्थिर राहिला? १९९७ मध्ये इवॉकांचं, म्हणजे जंगलातल्या अस्वलासारख्या बुटक्या प्राण्यांचं, गाणं काढून जॉन विल्यम्सचं नवं संगीत आलं आणि जंगलातल्या जल्लोषाला वेगवेगळ्या ग्रहांवरचा जल्लोष जोडला गेला. २००४ मध्ये ल्यूकला दिसणाऱ्या वडिलांच्या छायेतून मूळचा नट सेबॅस्टियन शॉ गेला आणि त्याच्या जागी हेडन क्रिस्टेन्सन हा तरुण नट आला. २०११ च्या ब्लू-रेमध्ये, इतका वेळ निःशब्द असलेला व्हेडर मुलाला वाचवायला सम्राटाला उचलताना ओरडू लागला. हा शेवटचा बदल मला फार लागला. मुखवट्याआड काय चाललंय हे आपण ओळखायचं होतं. तो एकदा मुलाकडे बघतो, एकदा सम्राटाकडे, आणि त्या दोन नजरांमध्येच सगळं होतं. चाहत्यांनी जुन्या ३५ मिलिमीटरच्या प्रिंटा मिळवल्या, एकेक चौकट स्कॅन करून साफ केली आणि १९८३ चा चित्रपट पुन्हा उभा केला. त्यामागे हीच तळमळ होती असं मी मानतो. ज्याचा मालकच तो सारखा हलवत राहतो, त्या शेवटावर आपलाही हक्क आहे असं लोकांना वाटणारच.

आता चाहत्यांच्या कल्पनांबद्दल. इवॉकांच्या जागी वूकी (हानच्या सोबत्याची उंच, केसाळ जमात) हवे होते, ही तक्रार सगळ्यात जुनी. मला तीत फारसा जीव दिसत नाही. 'दुसरा डेथ स्टार कशाला' हा प्रश्न योग्य आहे, पण त्याचं उत्तर सापडलं तरी शेवटाचा अर्थ काही बदलत नाही. ल्यूक काळ्या बाजूला, म्हणजे सम्राट आणि व्हेडरच्या वाटेला, जातो ही कल्पना मात्र पुन्हा पुन्हा येते. ती ऐकायला थरारक वाटते आणि ती मला मुळातच चुकीची वाटते. चित्रपटात ल्यूकचा गुरू ओबी-वान त्याला बजावतो की तुझ्या बापातला माणूस संपला आहे. मुलगा ते ऐकत नाही. शेवटी तो तलवार फेकून देतो आणि ज्येष्ठांपेक्षा शिष्यच खरा ठरतो. तिथे ल्यूकनं मुखवटा चढवला तर ओबी-वान बरोबर होता इतकंच सिद्ध होईल, आणि त्यासाठी तीन चित्रपटांची गरज नव्हती.

मी स्वतः एकदा शेवटचा भाग नव्याने कापून पाहिला होता. जंगल, अंतराळ आणि सिंहासनाचं दालन अशा तीन ठिकाणी कथा उड्या मारते. म्हटलं दालनातलं दृश्य सलग ठेवू. कापल्यावर ते लंगडं झालं. खिडकीतून आपली माणसं मरताना दिसतात म्हणून ल्यूकचा हात तलवारीकडे जातो. बाहेरची लढाईच काढली की त्याचा राग पोरकट वाटायला लागतो. प्रकल्प सोडून दिला, पण त्या दालनातला क्षण न् क्षण मी त्या दिवसांत पाहिला आणि एक गोष्ट ठळक झाली.

ल्यूकचा तोल नेमका कशावर जातो बघा. सम्राट टोचत असतो, मित्र मरत असतात, तरी तो लढणं थांबवून अंधारात जाऊन दडतो. मग व्हेडर त्याच्या मनातलं वाचतो आणि म्हणतो की तू काळ्या बाजूला वळला नाहीस तर तुझी बहीण (म्हणजे लेया) वळेल. त्यासरशी ल्यूक तुटून पडतो, बापाचा हात तोडतो आणि तो यांत्रिक मनगट पाहून भानावर येतो. म्हणजे सगळ्या त्रयीची कळ लेयाच्या उल्लेखावर फिरते. आणि लेयाला शेवटात काय मिळतं? डेथ स्टार फुटल्यावर ल्यूक वाचलाय हे तिला आतून कळतं आणि मग हानची समजूत काढायची, की ल्यूक माझा भाऊ आहे. बस.

तिची बाजू आठवून पाहा. व्हेडरच्या देखरेखीखाली तिचा छळ झालाय. तिचा ग्रह नष्ट होत होता तेव्हा तिला धरून उभा होता तो व्हेडरच. तिच्या डोळ्यांदेखत हानला गोठवणाराही तोच. आणि आदल्याच रात्री तिला सांगण्यात आलंय की तो तुझा बाप. ल्यूकनं बापाला क्षमा केली, पण ती केवळ ल्यूकची क्षमा. लेयाच्या वतीनं ती कुणी दिलेली नाही. १९९३ साली कॅथी टायर्सच्या 'द ट्रूस ॲट बाकुरा' या कादंबरीत बापाची छाया लेयासमोर येते आणि ती त्याला ठाम नकार देते. ते वाचलं तेव्हा वाटलं, हे कुणालातरी जाणवलं होतं तर.

म्हणून मी काय बदललं असतं: हानला जिवंत ठेवलं असतं, इवॉक राहू दिले असते, दालनातलं काहीही हलवलं नसतं. फक्त ल्यूक व्हेडरची चिता पेटवतो त्या दृश्यात लेयाला आणलं असतं. ती इवॉकांच्या गावातल्या जल्लोषातून एकटीच निघून येते आणि चितेपासून लांब, झाडांपाशी उभी राहते. ल्यूकला ती दिसते. तो तिला जवळ बोलावत नाही. ती रडत नाही, हात जोडत नाही, एक शब्दही बोलत नाही. व्हेडरचं शिरस्त्राण ज्वाळांत पूर्ण वेढलं जाईपर्यंत बघते आणि पाठ फिरवून चालू लागते. थोड्या वेळानं ल्यूक तिच्या मागोमाग येतो, तिला गाठतो आणि दोघं ढोलांच्या आवाजाकडे चालत जातात.