टाकीवर पंखा का चालत नाही?

तू विचारलंस, गच्चीवरच्या टाकीत ऊर्जा साठलेली असते, तर लाइट गेल्यावर तिच्यावर पंखा का चालवत नाहीत? आणि ती ऊर्जा असते तरी कुठे?

पहिलं आकड्यांनीच सुटतं. १,००० लिटर पाणी, उंची १० मीटर. वस्तुमान (किलोत) × गुरुत्वाचं त्वरण × उंची, म्हणजे १,००० × ९.८ × १० = ९८,००० ज्यूल. ७५ वॅटचा पंखा यावर जेमतेम २२ मिनिटं फिरेल, तेही टर्बाइन आणि जनित्र स्वतः काहीच खात नाहीत असं धरून. आमच्या नागपूरच्या महाल भागात मे महिन्याच्या दुपारी लाइट गेली तर २२ मिनिटांत घामही वाळत नाही. उलट जिन्याखालची इन्व्हर्टरची बॅटरी, १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर: कागदावर ६४.८ लाख ज्यूल. म्हणजे अशा ६६ टाक्या! पेंच नदीवरच्या तोतलाडोहला १६० मेगावॅटची वीज होते, कारण तिथे टाकी नाही, अख्खं धरण आहे.

आता 'कुठे'. पाण्यात नाही. पाणी आणि पृथ्वी या जोडीची ती ऊर्जा. शून्य कुठून धरायचं हेही आपणच ठरवतो. गच्चीच्या फरशीपासून उंची मोजलीस तर तीच टाकी जवळजवळ कंगाल. खरा असतो तो फक्त फरक.

पेट्रोलचं तसंच. लिटरमागे साधारण ३.२ कोटी ज्यूल, पण 'बंध तुटले की ऊर्जा निघते' हे ट्यूशनमध्ये सर्रास सांगतात ते उलटं आहे भाऊ. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. मिळते ती कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचे जास्त पक्के बंध जुळताना. म्हणजे निम्मी भागीदारी हवेतल्या ऑक्सिजनची, जो आपण पंपावर विकत घेत नाही.

कूलरच्या मोटरच्या कपॅसिटरमध्ये ऊर्जा दोन पट्ट्यांमधल्या विद्युतक्षेत्रात असते. ४ मायक्रोफॅरड, ३२५ व्होल्ट: ०.२ ज्यूल. किरकोळ वाटते, पण प्लग काढून लगेच हात घातला होता मी एकदा. पाना थेट पलंगाखाली.

बॅटरीचं एक राहिलं. आइन्स्टाइनच्या E = mc² या सूत्राने (ऊर्जेलाही वस्तुमान असतं) पूर्ण चार्ज झालेली बॅटरी रिकामीपेक्षा सुमारे ७२ नॅनोग्रॅम जड भरते. काट्यावर बघायला जाऊ नकोस. वरून टाकलेल्या डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंबसुद्धा त्याच्या लाखो पट जड असतो.