ब्रूनं टाकलेलं टेसरॅक्ट मराठी वाचत नाही, फॉर्मॅट मारू का?

फॉर्मॅट मारू नका. 'मराठीची फाइल उघडता येत नाही असा एरर येतो, दोनदा काढून पुन्हा टाकलं, आता भाऊ म्हणतो मॅक फॉर्मॅट कर' हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. याच सल्ल्यापायी माझे तीन दिवस गेलेत. नवख्यांसाठी सांगतो, टेसरॅक्ट म्हणजे स्कॅन केलेल्या पानावरचा मजकूर वाचून टाइप करून देणारा प्रोग्राम, आणि ब्रू म्हणजे मॅकवर असे प्रोग्राम टाकायचं-काढायचं साधन, पॅकेज मॅनेजर.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. जवळच्या गावातल्या एका सोसायटीनं आपले जुने छापील अहवाल टाइप करायला आणून दिले. आमच्याकडचे कागद कसे असतात, १९५६ च्या नोव्हेंबरात हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीचं सगळं मराठीत, पुढं हळूहळू कन्नड येत गेलं. काही पानांवर वर मराठी ठराव आणि खाली तोच कन्नडमध्ये. हातानं टाइप करायला महिना लागला असता. टेसरॅक्टला मराठी अधिक कन्नड अशा दोन्ही भाषा एकदम सांगता येतात, म्हणून काम अंगावर घेतलं.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी उबुंटू आहे. त्याच आठवड्यात त्याच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर गेलो आणि टेसरॅक्ट दोन्ही भाषांना नाही म्हणायला लागलं. माझा मावसभाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याचं औषध एकच, फॉर्मॅट. मी नको म्हणत होतो, पण सोसायटीचे सेक्रेटरी रोज फोन करत होते, शेवटी हो म्हटलं. त्यानं होमचं, म्हणजे माझ्या स्वतःच्या फाइली आणि सेटिंगचं, पार्टिशन तेवढं राखून बाकी सगळं पुसलं, नव्यानं उबुंटू टाकलं, ॲप्टनं, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरनं, टेसरॅक्ट, मराठी, कन्नड टाकलं. संध्याकाळी कमांड दिली तर तोच एरर, शब्दही बदललेला नाही. प्रिंटरची सेटिंग आणि मी जमवलेले कन्नडचे फॉन्ट मात्र गेले.

रात्री शटर अर्धं ओढून एरर ओळीवर बोट ठेवून वाचला. सगळे शेवटची ओळ वाचतात, टेसरॅक्ट सुरू होत नाही म्हणून. पहिल्या ओळीत तो जी फाइल शोधतोय तिचा पूर्ण पत्ता असतो. माझ्या पत्त्यात ४.०० नावाचं फोल्डर होतं. २४.०४ मध्ये टेसरॅक्ट ५ येतं, त्याचं फोल्डर नुसतं ५. मग हे ४.०० आलं कुठून? होममधल्या बॅशआरसी फाइलीतून, टर्मिनल उघडताना जी सेटिंग वाचली जातात ती फाइल. भाषांच्या फाइली कुठल्या फोल्डरात शोधायच्या ते टेसरॅक्टला सांगणारी टेसडाटा प्रिफिक्सची ती ओळ मीच पूर्वी कधीतरी लिहून ठेवली होती. ओळ काढली, टर्मिनल बंद करून पुन्हा उघडला, आणि पहिलं पान मराठी-कन्नडसकट बाहेर आलं. दोन मिनिटांचं काम.

ॲप्ट असो की ब्रू, पॅकेज मॅनेजर त्यानं स्वतः ठेवलेल्या फाइलीच काढतो. होममधल्या तुमच्या सेटिंगला तो हात लावत नाही, ॲप्टला पर्ज, म्हणजे सेटिंगसकट काढ, सांगितलं तरी नाही. म्हणून 'काढून पुन्हा टाक' ही दुरुस्ती नव्हे. मावसभाऊ आजही म्हणतो, होमसकट पुसलं असतं तर चाललं असतं. होममध्ये सोसायटीची स्कॅन केलेली सगळी पानं होती. काय बिघडलंय ते न बघता दुसऱ्याचं मशीन पुसणं मला मान्य नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

तुमच्या मॅकवर आधी टेसरॅक्टला लिस्ट-लँग्स विचारा. फोल्डर आणि त्यातल्या भाषा दोन्ही दिसतील. यादीत मराठी नसेल तर ब्रूनं टेसरॅक्ट-लँग वेगळं टाका. नुसत्या टेसरॅक्टबरोबर इंग्रजी आणि एकदोन किरकोळ फाइलीच येतात, तुमचं बहुतेक इथंच अडलंय. ते टाकूनही नाही झालं तर झेडएसएचआरसीमध्ये, म्हणजे मॅकवरच्या तशाच सेटिंगच्या फाइलीत, टेसडाटा प्रिफिक्स आहे का बघा. जुन्या लेखांत तिथं टेसडाटाच्या, म्हणजे भाषांच्या फाइली असतात त्या फोल्डरच्या, वरचं फोल्डर द्यायला सांगतात. ते आवृत्ती ३ पर्यंत खरं होतं, ४ पासून खुद्द टेसडाटा फोल्डर लागतं. जुन्या इंटेल मॅकवरून सगळं उचलून नव्या एम चिपवाल्यावर आणलं असेल तर ब्रू दोन जागी असू शकतं, यूएसआर-लोकलमध्ये आणि ऑप्ट-होमब्रूमध्ये. विच कमांडला ए देऊन कुठलं चालतंय ते बघा.

एक सांगायचं राहिलं. हे छापील कागदाचं झालं. हातानं लिहिलेली खरेदीखतं असतील तर टेसरॅक्ट त्यात उपयोगी पडत नाही, ती मी अजून हातानंच टाइप करतो.