दोन सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिकेच्या भिंतीची जाडी वेगळी आली, तर आजार वाढला असं समजायचं का?

लगेच नाही. आधी नलिका केवढी आहे ते बघा. छातीच्या सीटीत 350 मिमीचं क्षेत्र 512 पिक्सेलमध्ये बसवलं की एक पिक्सेल जवळजवळ 0.7 मिमीचा होतो. भिंतच 1 मिमीच्या आसपास असेल तर ती जेमतेम दीड पिक्सेलात मावते आणि कडा धूसर दिसते. अशा वेळी कडेचा उजळपणा निम्म्यावर येतो तिथे रेघ धरायची जुनी पद्धत पातळ भिंत हमखास जाड दाखवते. मोठ्या नलिकांची मापं बरीच भरवशाची असतात. 2 मिमीपेक्षा बारीक नलिकांच्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही.

दुसरं म्हणजे श्वास. स्कॅनच्या वेळी तो अर्धवट घेतला तर नलिकेची पोकळी अरुंद भरते. आजार तोच, आकडा वेगळा. म्हणून तंत्रज्ञ "श्वास पूर्ण घ्या, रोखून धरा" म्हणतात तेव्हा ते मनापासून करा. मशीन, स्लाइसची (स्कॅनमधल्या एका कापाची) जाडी किंवा रिकन्स्ट्रक्शन कर्नल (चित्र किती धारदार किंवा मऊ दिसावं हे ठरवणारी संगणकातली सेटिंग) बदलला तरी फरक पडतो.

हे सगळं दोन्ही वेळा सारखं असेल आणि बऱ्याच नलिकांत बदल एकाच दिशेने दिसत असेल, तर मात्र दुर्लक्ष करू नका. स्पायरोमेट्रीच्या (फुंकर मारून फुफ्फुसांची क्षमता मोजायच्या तपासणीच्या) रिपोर्टसोबत छातीच्या डॉक्टरांना दाखवा.