बिग डेटा शिकवा, पण आधी संख्याशास्त्र

बार्शीहून एका पालकांचं पत्र आलंय: ‘माझं किराणा दुकान आहे. मुलगी बारावी सायन्सला, गणितात हुशार. एक क्लासवाले सहा महिन्यांच्या बिग डेटा कोर्सचे ८५ हजार मागताहेत, नोकरीची हमी देतात. पण बिग डेटा म्हणजे काय हेच मला उमगलेलं नाही. फी भरू का?’

नमस्कार. आत्ता भरू नका. का, ते सांगतो.

तुमच्या गल्ल्याजवळचा साउंडबॉक्स ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ म्हणतो, तेव्हा कुणी, कुणाला, किती वाजता पैसे दिले याची नोंद होते. ऑगस्ट २०२३ मध्ये देशात यूपीआयचे महिन्याचे व्यवहार पहिल्यांदाच १,००० कोटींच्या वर गेले. इतक्या नोंदी एका कॉम्प्युटरला झेपत नाहीत. त्या शेकडो मशीनवर वाटतात, प्रत्येक मशीन आपल्या वाट्याचा हिशेब करतं आणि शेवटी बेरीज होते. वर्षअखेरीला चार पोरं रॅक वाटून घेऊन तुमचा स्टॉक मोजतात ना, तसंच. अशा अफाट, सतत वाहत येणाऱ्या, आकडे-फोटो-आवाज अशा सगळ्या रूपांतल्या नोंदी म्हणजे बिग डेटा.

हे तंत्र हुशार मुलगी पुढे केव्हाही शिकेल. अवघड भाग वेगळाच आहे.

अमेरिकेत बॉस्टन शहरानं २०१२ च्या सुमारास खड्डे शोधणारं एक ॲप काढलं. गाडी खड्ड्यात आदळली की आतला मोबाइल हादरतो आणि ती जागा पालिकेला कळते. कल्पना झकास. पण गरीब वस्त्यांत आणि म्हाताऱ्या माणसांकडे तेव्हा स्मार्टफोन कमी होते. म्हणजे नकाशावर खड्डे दिसणार श्रीमंतांच्या रस्त्यांवरचे, आणि बुजणारही तेच! पालिकेनं हे वेळीच ओळखलं आणि ॲप आधी रस्ते तपासणाऱ्या आपल्याच कर्मचाऱ्यांना दिलं, कारण ते सगळ्या वस्त्यांत फिरतात. ही शंका ॲपला येत नाही, माणसाला यावी लागते.

गूगलनंही २००८ मध्ये लोकांच्या सर्चवरून फ्लूच्या साथीचा अंदाज द्यायला सुरुवात केली होती. २०१२-१३ च्या हंगामात तो अंदाज बराच फुगला आणि २०१५ मध्ये ही सेवा बंद झाली. बातम्या ऐकून धास्तावलेली धडधाकट माणसंही फ्लूच शोधत असणार, हे त्याचं एक कारण अभ्यासकांनी दिलं.

आज कर्ज कुणाला द्यायचं इथपासून निर्णय अशा डेटावर होताहेत. म्हणून मला मनापासून वाटतं, या कामात आकड्यांवर शंका घेणारी मुलं हवीत. ती शंका संख्याशास्त्र शिकवतं. सोलापूर, कोल्हापूर, पुणे, तिन्ही विद्यापीठांत हा विषय आहे. बी.एस्सी. करतानाच पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि साठवलेल्या नोंदींतून हवं ते काढायची एसक्यूएल ही भाषा शिकता येईल. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवीही आहे. तिला जेईई लागत नाही, बारावीनंतर त्यांची स्वतःची पात्रता परीक्षा द्यायची. नोकरीच्या हमीबद्दल एवढंच, की ती लेखी मागा आणि बारीक अक्षरातल्या अटी वाचा.

परीक्षेनंतर तिला एक काम द्या. दुकानाचं महिन्याचं यूपीआय स्टेटमेंट आणि तुमची उधारीची वही शेजारी ठेवायची. वहीत आहेत पण स्टेटमेंटमध्ये एकदाही नाहीत, अशी गिऱ्हाइकं कोण, ते काढायला सांगा.