आईने हात घट्ट धरला, तरी भावाला परत जाऊ देऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. आईला पक्षाघाताचा झटका, मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद, आज तिसरा दिवस. काल तिने डोळे उघडून तुमचा हात घट्ट धरला, डॉक्टर मात्र "एवढ्यात काही सांगता येणार नाही" यापलीकडे बोलत नाहीत, आणि मोठा भाऊ विचारतोय की आता सुधारतेय तर मी परत जाऊ का. त्याला जाऊ देऊ नका.

मी डॉक्टर नाही आणि तुमच्या आईचा स्कॅन मी पाहिलेला नाही. माझे बाबा सहा वर्षांपूर्वी याच दुखण्यात गेले. त्या सहा दिवसांत जे कळलं आणि जे फार उशिरा कळलं, तेवढंच सांगते. साडेचार तासांच्या आत द्यायचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, नळी घालून गुठळी काढणं हे सगळं तुमच्या बाबतीत मागे पडलंय, त्यात शिरत नाही.

बाबांचीही डावी बाजूच होती. उजवा हात-पाय लुळा, वाचा गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले. मी त्यांच्या डाव्या हातात बोटं दिली, तर त्यांनी ती इतकी आवळली की माझी अंगठी रुतली. मी रडले, बाहेर आले आणि ओळीने सगळ्यांना फोन केले: "धोका टळला." धाकटी बहीण आली होती, तिला म्हटलं, तू जा, रजा पुढे लागेल. ती गेली.

"धोका टळला" हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं. मोठ्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तो भाग सुजतो, आणि कवटीत सुजायला जागा नसते. ही सूज पहिल्याच दिवशी पूर्ण येत नाही, बहुतेक वेळा दुसऱ्या ते पाचव्या दिवसात ती सर्वांत जास्त असते. म्हणजे घरचे सुटकेचा श्वास टाकतात, तेव्हाच खरी परीक्षा सुरू होत असते. हे आम्हाला आधी कुणी नीट समजावलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी बाबांजवळ नव्हते. त्यांचे पैसे ज्या कार्यालयात अडकले होते, तिथे रांगेत होते. दोन दिवस मला तेच सांगत होते, "सही त्यांचीच लागेल, त्यांना घेऊन या." बेशुद्धीकडे चाललेल्या माणसाला घेऊन या! मी दवाखान्याचे कागद दाखवले, तर समोरच्याने ते न वाचताच सरकवून परत दिले. तो राग अजून गेलेला नाही. पण खरं सांगायचं तर रांगेत मी गेले होते, ते "धोका टळला" असं मीच धरून चालले होते म्हणून. ते काम महिनाभराने झालं असतं तरी चाललं असतं. परत आले तेव्हा बाबा हाकेला ओ देत नव्हते आणि एका डोळ्यातली बाहुली मोठी दिसत होती. सहाव्या दिवशी पहाटे ते गेले. बहीण तीन तासांनी पोचली. आल्यावर तिने एकच विचारलं, "त्यांनी तुझा हात कुठल्या हाताने धरला होता?" आणि तोच हात धरून बसून राहिली.

आता हात दाबण्याबद्दल. तळहातात काही ठेवलं की मूठ आपोआप आवळली जाते, तान्ह्या बाळाची जाते तशी. मेंदूला इजा झाल्यावर मोठ्या माणसातही हे दिसू शकतं. म्हणून नुसत्या धरण्यापेक्षा "सोड" म्हटल्यावर सोडते का, दोन बोटं दाखवते का, हे जास्त सांगून जातं. मात्र डाव्या बाजूच्या झटक्यात शब्दांचा अर्थच लागत नाही असंही होतं. तेव्हा खुणेने करून दाखवा, आणि तिने केलं नाही म्हणून तिला काहीच कळत नाही असा निष्कर्ष काढू नका. तिच्या उशाशी उभं राहून तिच्याबद्दल चर्चा तर मुळीच नको.

डॉक्टरांना आजच विचारा: सुजेचा धोका किती आहे, पुन्हा स्कॅन कधी, आणि सूज वाढली तर तुम्ही काय करणार? सूज वाढल्यास कवटीचा तुकडा काढून जागा करून देण्याची शस्त्रक्रिया असते. ती मुख्यतः ६० च्या आतल्यांसाठी आणि पहिल्या ४८ तासांत फायद्याची ठरलेली आहे. त्याहून मोठ्या वयात जीव वाचण्याची शक्यता वाढते, पण वाचलेल्यांपैकी बहुतेकांना रोजच्या कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं. "सगळं करा" म्हणण्याआधी हे ऐकून घ्या. माझं मत कुणाला कठोर वाटेल, पण आपल्याला आई किती हवी आहे हा प्रश्न बाजूला ठेवून, आईला असं जगणं चाललं असतं का, हे भावाबरोबर बसून बोला. ती कधीतरी कुणाचं आजारपण बघून काही बोलली असेल, ते आठवा. आमच्याकडे तिघे तीन वेगवेगळ्या डॉक्टरांशी बोलायचे आणि घरी येऊन भांडायचे. बोलायला एकच माणूस ठेवा.

गिळता येतं का याची तपासणी झाल्याशिवाय चमचाभर पाणीही तोंडात घालू नका, कितीही जीव तुटला तरी. ते फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो. ओठ ओल्या कापसाने टिपा.

तुम्ही लिहिलंय की आदल्या रात्री ती अडखळत बोलत होती आणि तुम्ही "दमली असेल" म्हणून झोपू दिलंत. त्यावर मी खोटा धीर देणार नाही, लवकर पोचणं महत्त्वाचं असतंच. पण मोठी रक्तवाहिनी बंद झाली की वेळेत पोचलेलेही सगळे वाचत नाहीत, आणि दमलेल्या आईला झोपू देणं हा प्रेमाचाच भाग होता. हे आत्ता पटणार नाही, माहीत आहे.

भावाला आजच थांबायला सांगा. आणि आई चष्मा वापरत असेल, कानाला यंत्र लावत असेल, तर नर्सला विचारून ते तिला लावा. बाबांचा चष्मा सहाही दिवस माझ्या पर्समध्ये होता.