घाम निथळतो, पण अंग निवत नाही

ऑक्टोबर सरत आला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. पावसाळाभर ठाण्यात उपवन, येऊर नाहीतर नवी मुंबईत पाम बीच रोडवर नेमाने धावलेली मंडळी विचारू लागतात, "मॅडम, अचानक काय झालं?" जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीतले लांब रन याच दिवसांत सुरू होतात आणि हवाही नेमकी याच दिवसांत अंगावर येते. म्हणून या वेळी फक्त उष्म्याचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : वय ४६, घोडबंदर रोडला राहतो. जूनपासून आठवड्यातून चार दिवस धावलो, ३० किलोमीटरचा रनही आरामात झाला. ऑक्टोबरअखेर एका फुल मॅरेथॉनला सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं या वेगाने निघालो. चोविसाव्या किलोमीटरपर्यंत ठीक होतं. मग पाय उचलेनात, हार्ट रेट खाली येईना. पुढचं बहुतेक अंतर चालूनच काढलं. सराव कमी पडला का?

उत्तर : सराव पुरेसा होता, पेस त्या दिवसाच्या हवेचा नव्हता. पावसात ढगांखाली जमलेला पेस तुम्ही ऑक्टोबरच्या उन्हात घेऊन गेलात.

धावताना आपण जेवढी ऊर्जा जाळतो, त्यातली साधारण पाऊण उष्णता होऊन जाते. ७० किलो वजनाच्या माणसाला एका किलोमीटरला ढोबळमानाने ७० कॅलरी लागतात. म्हणजे दहा किलोमीटरला सातशे, आणि त्यातल्या पाचशेहून जास्त नुसती उष्णता. ती बाहेर टाकायचा आपल्याकडचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर जवळजवळ ५८० कॅलरी घेऊन जातो. हिशेब जुळतो, पण घाम वाळला तरच. हनुवटीवरून टपकलेला, मोज्यात मुरलेला, टी-शर्ट पिळून काढलेला घाम शरीरातलं पाणी नेतो, उष्णता जवळजवळ तशीच राहते. खाडीकाठच्या आपल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की बराचसा घाम असाच वाया जातो.

मग हृदयावर दुहेरी काम येतं. पायांना रक्त हवं आणि निवण्यासाठी त्वचेलाही हवं. त्यात घामामुळे रक्तातलं पाणी कमी होत गेलेलं. त्यामुळे पेस तोच राहिला तरी हार्ट रेट किलोमीटरगणिक चढत जातो. चोविसाव्या किलोमीटरला तुम्हाला जे जाणवलं, त्याची सुरुवात सातव्या-आठव्यालाच झाली होती.

हे जगातल्या अव्वल धावपटूंनाही चुकलं नाही. २०१९ च्या दोहा जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन ऊन टाळण्यासाठी मध्यरात्री ठेवली होती. तरी तापमान ३२ अंशांच्या वर आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या पुढे होती. ६८ जणी निघाल्या, ४० पोहोचल्या. जिंकणाऱ्या केनियाच्या धावपटूला २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंद लागले. त्याच वर्षी जानेवारीत दुबईत तिने हेच अंतर २ तास १७ मिनिटांत कापलं होतं. पंधरा मिनिटं गेली, आणि तरीही ती पहिली आली, कारण बाकीच्यांच्या आधी तिने हवा ओळखली, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वेळी अशा हवेत पहिले दहा किलोमीटर नेहमीपेक्षा किलोमीटरमागे तीस-चाळीस सेकंद हळू जा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, तुटक शब्दांत नाही. सहाऐवजी सातच्या पेसने धावलात तर दर तासाला तयार होणारी उष्णता सातव्या हिश्श्याने कमी होते, आणि पंचविसाव्या किलोमीटरनंतर हा फरक फार मोठा ठरतो. सुरुवातीला साठलेली उष्णता नंतर हळू धावून सहज उतरत नाही. म्हणून शेवटी बघू, हा विचार उन्हाळी शर्यतीत सोडून द्या. प्रत्येक पाण्याच्या टेबलावर एक ग्लास पिण्यासाठी, एक मानेवर आणि हातांवर ओतण्यासाठी घ्या. बर्फ मिळाला तर टोपीखाली ठेवा.

प्रश्न : ऐरोलीत आयटी कंपनीत आहे. घर, कॅब, ऑफिस, सगळीकडे एसी. सोयीसाठी जिममध्ये ट्रेडमिलवर धावते. रविवारी पाम बीचवर गेले की दहा किलोमीटरही जड जातात. पहाटे चारला निघावं का?

उत्तर : पहाटे निघा, पण ट्रेडमिलचे दिवसही कमी करा. शरीराला उष्म्याची सवय लावता येते, आणि ती दहा ते चौदा दिवसांत लागते. रोज तासभर, अगदी सावकाश, पण बाहेरच्या हवेत. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातल्या पाण्याचं प्रमाण वाढतं आणि हार्ट रेट उतरू लागतो. मग घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. काळ्या टी-शर्टवरचे पांढरे डाग फिके पडू लागले की समजा, जमतंय. ही सवय पुन्हा एसीत बसून दोन-तीन आठवड्यांत जाते, त्यामुळे आठवड्यातून तीन-चार दिवस तरी बाहेर धावायला हवं.

पहाटेबद्दल एक गैरसमज दूर करते. मोबाइलवर पहाटे आर्द्रता ९० टक्के आणि दुपारी ५५ टक्के दिसते, म्हणून दुपार बरी असं अनेकांना वाटतं. हवेतली वाफ साधारण तेवढीच असते. हवा तापली की टक्केवारी खाली येते, एवढंच. त्याऐवजी ॲपमध्ये दवबिंदू बघा, ड्यू पॉइंट या नावाने दिसतो. ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो हा आकडा; तो जितका जास्त, तितकी हवेत वाफ जास्त. तो २० अंशांच्या खाली असेल तर ठीक. २४ च्या पुढे असेल तर त्या दिवशी घड्याळ बाजूला ठेवून धावा. पहाटेचा खरा फायदा ऊन नसण्याचा. नेरुळ-सीवूड्सच्या पट्ट्यात सूर्य वर आला की डोक्यावर सावली अशी मिळत नाही. लांब रन असेल तर शेवटचा तास झाडांखालून जाईल असा मार्ग आखा.

प्रश्न : ३५ किलोमीटरच्या सराव रनमध्ये दर दोन किलोमीटरला अर्धी बाटली पाणी प्यायलो, कारण ग्रुपमध्ये सगळे सांगतात की तहान लागायच्या आधी प्या. शेवटी डोकं ठणकलं, उलटी झाली, बोटं सुजून अंगठी निघेना. घरी वजन केलं तर सकाळपेक्षा जास्त भरलं. डिहायड्रेशन होतं का? (वाशी)

उत्तर : नाही, नेमकं उलट होतं. आणि तुम्ही वजन केलंत हे फार बरं झालं. मॅरेथॉननंतर वजन वाढलेलं असेल तर घामात गेलं त्याहून जास्त पाणी पोटात गेलेलं असतं. त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, सूज ही सुरुवात. पुढे झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम शेवटी कमी भरलं होतं. त्यात चार तासांहून जास्त वेळ घेणारे आणि वाटेत भरपूर पिणारे जास्त होते. आपल्याकडे बहुतेक जण याच गटात मोडतात. पुन्हा असं झालं तर आणखी पाणी पिऊन घरी थांबू नका, रुग्णालयात जाऊन रक्तातलं सोडियम तपासून घ्या.

तहान लागेल तसं प्या. त्यासाठी आधी आपला घाम किती येतो ते मोजा. एक तास धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. मध्ये काही प्यायला असाल तर तेवढं फरकात मिळवा. एक किलोचा फरक म्हणजे साधारण एक लिटर घाम. त्याहून जास्त पाणी तासाला कधीही प्यायचं नाही. थोडं कमी पडलं तर चालतं.

ओआरएसबद्दलही बरेच जण विचारतात. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर पोट बिघडतं. ओआरएस आहे म्हणून कितीही प्या, असंही नाही. जास्त प्यायलं तर सोडियम त्यानेही उतरतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, त्यामुळे ते ओआरएसच्या जागी चालत नाही. धावून आल्यावर मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत मात्र उत्तम.

प्रश्न : गुडघा दुखू नये म्हणून शर्यतीच्या सकाळी एक पेनकिलर घेतो. चालेल ना?

उत्तर : नको. उष्म्यात मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच घटलेलं असतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या ते आणखी कमी करतात. गोळीशिवाय धावता येत नसेल तर त्या दिवशी धावू नका. सर्दीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि रक्तदाबाच्या काहींनी लघवी वाढते. तुमच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून विचारा, पण मनाने बंद करू नका. ताप किंवा जुलाब होऊन आठवडा झाला नसेल तर लांब रन रद्द.

प्रश्न : नवरात्रात नऊ दिवस उपवास असतात आणि नेमके तेव्हाच २५-२८ किलोमीटरचे रन येतात. सासूबाई म्हणतात उपवास सोड, कोच म्हणतात रन सोडू नकोस. (कळवा)

उत्तर : तुमच्या सासूबाईंचं कौतुक वाटलं. पण उपवास सोडायची गरज नाही, रन हलवायची आहे. सर्वांत लांब रन घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी करा, पुढचा दसऱ्यानंतर. मधल्या दिवसांत तास-सव्वा तासाच्या वर जाऊ नका. एकदाच जेवत असाल तर जेवणानंतर तीन-चार तासांनी धावा, दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी नाही. उपासाला सैंधव चालतं. ते लिंबू सरबतात, ताकात घालून घ्या. रताळं, राजगिऱ्याचा लाडू, केळं यांवर हलके रन व्यवस्थित होतात. निर्जळी उपास असेल तर मात्र त्या दिवशी धावणं अजिबात नको. नऊ दिवसांनी फिटनेस कुठे जात नाही, हे तुमच्या कोचना माझ्या नावाने सांगा.

प्रश्न : खारघरच्या टेकडीवरून उतरताना आमच्यातला एक जण वेडंवाकडं धावू लागला. थांब म्हटलं तर चिडला, आम्हालाच ओळखेना. घाम धो-धो येत होता म्हणून उष्माघात नसेल असं वाटलं. एसी लावून गाडीत बसवलं, दोन रुग्णालयं फिरलो. आता तो बरा आहे, पण आम्ही योग्य केलं का?

उत्तर : तो बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तुम्ही मित्रासाठी धावपळ केलीत, पण क्रम उलटा झाला. हे सगळ्यांनी नीट वाचावं.

धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम सुटलेला असू शकतो. त्वचा कोरडी पडते हे वर्णन उन्हात, बंद खोलीत सापडलेल्या वृद्धांचं. धावपटूत पाहायचं ते डोकं. अडखळणारी चाल, चुकीची उत्तरं, विनाकारण राग, 'मी ठीक आहे' म्हणत भलत्याच दिशेला जाणं. थकलेला माणूस बसतो आणि आपलं नाव, छातीवरचा बिब नंबर सांगतो. उष्माघात झालेल्याला ते सांगता येईलच असं नाही. अशा वेळी शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. कपाळावर धरायची थर्मामीटर गन तेव्हा ३७ सुद्धा दाखवू शकते. तिच्यावर विसंबू नका.

आधी अंग थंड करायचं, मग हलवायचं. एकाने १०८ ला फोन करावा, बाकीच्यांनी त्याच क्षणी काम सुरू करावं. सावलीत झोपवा, बूट-मोजे, टी-शर्ट काढा. सर्वांत चांगलं म्हणजे मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवणं. टब कुठून आणणार? मोठी ताडपत्री घ्या, माणसाला मधोमध झोपवा, चौघांनी कडा उचलून धरा, म्हणजे खोलगट हौद होतो. त्यात पाणी आणि बर्फ ओता, पाणी हलवत राहा. एकाने डोक्याशी बसून तोंड-नाक पाण्याच्या वर धरायचं, ते सोडायचं नाही. असं केल्यावर साधारण पाच मिनिटांना एक अंश उतरतो. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. बर्फ नसेल तर टँकर, सोसायटीचा पाइप, सापडेल ते पाणी अंगभर ओता आणि वारा घाला. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजू नका. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप नव्हे, तिथे ती गोळी काम करत नाही. गाडीतला एसी फार हळू थंड करतो, त्यात मोलाची मिनिटं जातात.

तुमच्या मित्राने यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या व्यवस्थित आल्याशिवाय धावू नये. नंतरही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

प्रश्न : आमच्या सोसायट्यांच्या फेडरेशनतर्फे मेच्या पहिल्या रविवारी खारघरमध्ये सकाळी साडेसहाला दहा किलोमीटर रन ठेवतोय. दोनशे लोक येतील. काय तयारी ठेवावी?

उत्तर : तारीख बदला. डिसेंबर किंवा जानेवारी घ्या. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्याच मैदानावरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने माणसं दगावली. ती धावत नव्हती, उन्हात बसून होती.

तारीख अगदी हलत नसेल तर पाच किलोमीटर ठेवा, साडेपाचला सोडा, टायमिंग आणि बक्षिसं ठेवू नका, म्हणजे कुणी ईर्षेने धावणार नाही. प्रत्येक दीड किलोमीटरला पाणी, शेवटच्या टप्प्यात सावलीचा मंडप, दोन ताडपत्र्या आणि रुग्णवाहिका जागेवर उभी. बर्फाची लादी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा आणि फोडून थर्माकोलच्या पेट्यांत भरून आणायला सांगा, कारण अख्खी लादी ऐनवेळी फोडत बसायला वेळ नसतो. ताडपत्री कशी धरायची याचा सराव स्वयंसेवकांकडून आदल्या दिवशी एकदा करून घ्या, खऱ्या माणसाला झोपवून.