शंभर नको, चोवीस घे

फोंडा, गोवा

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात, स्फटिकशास्त्राची कार्यशाळा घ्यायचं तू ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. आराखडा दोनदा वाचला. सात दिवस, बावीस व्याख्यानं, शंभर जागा. वक्त्यांची यादी चांगली आहे. पण या सात दिवसांत मुलांच्या हाताला स्फटिक कधी लागणार, ते मला त्यात कुठे दिसलं नाही. म्हणून हे पत्र.

प्रवेशाचा आकडा सभागृहातल्या खुर्च्या मोजून ठरवू नकोस, यंत्राकडे बघून ठरव. विभागातल्या डिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण सोडून त्याची आतली रचना शोधणाऱ्या यंत्रावर, एका बऱ्या स्फटिकाचा पूर्ण डेटा घ्यायला काही तास जातात. स्फटिक बारीक किंवा कमकुवत असला तर अख्खी रात्र जाते. आठवड्यात सहा-सात डेटासेट निवांत निघतील. म्हणजे चौघांचा एक गट, असे सहा गट, एकूण चोवीस मुलं. दिवसा स्फटिक निवडायचा, बसवायचा, युनिट सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारी लहानशी पेटी, काढायची. रात्रभर यंत्र चालेल आणि सकाळी नाश्त्याआधी मुलं डेटा बघायला धावत येतील. व्याख्यानं आठ पुरे. उरलेल्या वक्त्यांना बोलव, पण मुलांच्या शेजारी बसून शिकवायला.

निवडताना ज्यांच्या कॉलेजात असं यंत्र नाही त्यांना आधी घे. सावंतवाडी, रत्नागिरी, कारवारकडची एमएस्सीची मुलं पुस्तकातून २३० स्पेस ग्रुप, म्हणजे स्फटिकांतल्या सममितीचे प्रकार, पाठ करतात. विवर्तनाचा, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांचा, एकही ठिपका त्यांनी पाहिलेला नसतो. त्यांना मराठीत, कोकणीत शंका विचारू दे.

आता स्फटिकांचं. यावर सर्वांत जास्त वेळ घाल. १९१२ मध्ये म्यूनिकला लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी क्ष-किरणांचं विवर्तन पहिल्यांदा फोटोच्या काचेवर उमटवलं, तेव्हा त्यांच्यापुढे मोरचुदाचा स्फटिक होता. मोरचूद तर आपल्याकडे कुठेही मिळतं. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात तोच दे. दुसरा स्फटिक मिठाचा, तोही पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरातला. पाऊस सुरू होण्याआधी मिठागरांचा हंगाम संपत आलेला असतो, तेव्हा ताजं मीठ मिळेल. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांच्या कामातून मिठाची रचना समोर आली आणि त्यात मिठाचा सुटा रेणू कुठे सापडेना. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. कित्येक रसायनशास्त्रज्ञांना ते पटायला वर्षं लागली. हे फळ्यावर सांगण्यापेक्षा खडा हातात असताना सांग. तिसरा स्फटिक खडीसाखरेचा. मोनोक्लिनिक (पेटीचा एक कोन तिरका), स्पेस ग्रुप पी-दोन-एक, आरसासममिती नाही. कायरॅलिटी, म्हणजे डाव्या-उजव्या हातासारखा फरक, शिकवायला याहून सोपं काही नाही.

मायक्रोस्कोपचे तास कुणाला कापू देऊ नकोस. कुलगुरू भेटीला येणार असले तरी नाही. ध्रुवक, म्हणजे प्रकाशाला एकाच दिशेत कंपायला लावणाऱ्या दोन पट्ट्या, काटकोनात ठेवून मंच फिरवला की चांगला एकसंध स्फटिक दर ९० अंशांनी पूर्ण काळा होतो. एक भाग काळा आणि दुसरा उजळ राहिला तर तो जुळा आहे, किंवा दोन स्फटिक एकमेकांना चिकटलेत. मीठ आणि तुरटी घनीय, म्हणजे तिन्ही दिशांना सारखी, त्यामुळे कसंही फिरवलं तरी काळीच राहतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा सममिती विसरत नाही. ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा, स्वच्छ कडांचा तुकडा निवडायला हात बसावा लागतो. त्याला दोन दुपारी दे.

आपली हवा मात्र गृहीत धरू नकोस. मे महिन्यात पाण्याचं द्रावण उघड्यावर ठेवलं तर ते आटायलाच तयार नसतं. काही क्षार उलट हवेतलं पाणी ओढतात. म्हणून मुलांना एप्रिलच्या सुरुवातीलाच आपापल्या गावी स्फटिक वाढवायला सांग आणि येताना मूळ द्रावणासकट घेऊन यायला सांग. सुकवून, टिशूत गुंडाळून आणलेले बरेचसे कामातून गेलेले असतात. शिवाय इथे इथेनॉलमधून वाढवलेलं पॅरासिटामॉल तयार ठेव. थंड नायट्रोजनचा झोत १०० केल्विनला लावणार असाल तर खोलीतला एसी आणि डीह्युमिडिफायर आदल्या रात्रीपासून चालू हवेत. नाहीतर स्फटिकावर बर्फ धरतो आणि चित्रावर कडी उमटतात. अणूंच्या थरांतल्या ३.९०, ३.६७, ३.४४ आंगस्ट्रॉम अंतरांच्या आसपास कडी दिसली की समजायचं, बर्फच. एक असं खराब चित्र मुद्दाम जपून ठेव आणि मुलांना ओळखायला लाव.

तारखा ८ ते १४ मे ठेव. पाऊस गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो, पण वळीव आणि विजा त्याआधी सुरू होतात. वीज गेली की यंत्र थंड ठेवणारा चिलर थांबतो, चिलर थांबला की क्ष-किरण नळी बंद पडते आणि रात्रीचा डेटा अर्धवट राहतो. यूपीएसवर चिलरही आहे का, हे आजच विचार. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीत कोकण रेल्वेवर जागा मिळत नाही. निवडीची पत्रं फेब्रुवारी संपायच्या आत गेली पाहिजेत. करमळीला उतरायला सांग.

सुरक्षिततेबद्दल थोडंच लिहितो, कारण तुला माहीत आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाचे कागद तपासून घे. आतलं दाखवण्यासाठी म्हणून यंत्राचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच क्ष-किरण थांबवणारी सोय, कुणीही, कितीही ज्येष्ठ असो, निकामी करायचा नाही.

सॉफ्टवेअर आधी बसवून यायला सांग: ऑलेक्स-टू, मर्क्युरी, आणि शेल्क्ससाठी ज्याची त्याने नोंदणी करायची. पहिल्या सकाळी चोवीस लॅपटॉप वायफायला लागले तर ती सकाळ त्यातच जाईल.

रिफाइनमेंट, म्हणजे मांडलेली रचना डेटाशी जुळवत नेणं, शिकवताना आर-मूल्याचं, म्हणजे त्या दोन्हींतल्या तफावतीच्या आकड्याचं, वेड लावू नकोस. आकडा पाच टक्क्यांखाली आला की मुलं थांबतात. त्यांना एक तयार रचना दे आणि तिच्यातला एक ऑक्सिजन नायट्रोजन करून पुन्हा रिफाइन करायला सांग. आर-मूल्य जेमतेम हलेल, पण त्या अणूची थरथर दाखवणारा लंबगोल शेजाऱ्यांच्या मानाने आक्रसलेला दिसेल आणि हायड्रोजन-बंध जुळेनासे होतील. रचना खरी की खोटी हे रसायनशास्त्राला विचारायचं असतं, हे त्या तासाभरात कळतं. रचना तपासणाऱ्या चेक-सिफ या प्रोग्रॅमच्या ए आणि बी या गंभीर सूचनांना उत्तर लिहायलाही तिथेच शिकव.

वेर्ण्याच्या औषध कारखान्यांतल्या कुणाला तरी एक दुपार बोलाव. रिटोनाविर या औषधाचं दुसरं, कमी विरघळणारं स्फटिकरूप अचानक अवतरलं आणि १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. पॉलिमॉर्फ म्हणजे काय, आणि इथल्या नोकरीत ते का लागतं, हे मुलांना त्यावरून समजेल. एक संध्याकाळ जी. एन. रामचंद्रन यांच्यासाठी राख: १९५४ मध्ये मद्रासला, मर्यादित साधनांत, त्यांनी आणि गोपीनाथ कर्ता यांनी कोलॅजेन या प्रथिनाच्या तिहेरी धाग्याची रचना मांडली. आणि एका संध्याकाळी सगळ्यांना पणजीत फोंतेन्यासला घेऊन जा. जुन्या घरांच्या ओसऱ्यांत नक्षीदार लाद्या असतात. घरमालकांची परवानगी घेऊन त्यांतले अक्ष, आरसे, सरकते आरसे (आरशात उलटून पुढे सरकलेली नक्षी) शोधायला लाव. सपाट नक्षीचे सममितीनुसार प्रकार फक्त १७. त्यातले किती सापडतात, ते मुलं स्वतः मोजतील.

उद्घाटन अर्ध्या तासात आटप. शेवटच्या दिवशी प्रत्येक गटाने आपली रचना दहा मिनिटांत मांडायची आणि रचनेच्या सिफ फाइलबरोबर मूळ फ्रेम्सही, म्हणजे यंत्राने टिपलेली चित्रंही, पेनड्राइव्हवर घेऊन जायच्या. घरी गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सोडवून बघता आलं पाहिजे.

आराखडा बदललास की पहिल्या दोन दिवसांचं वेळापत्रक आधी पाठव. ध्रुवण मायक्रोस्कोप किती आहेत, तेही लिही. चोवीस मुलांना निदान सहा लागतील. कमी पडत असतील तर भूशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजांकडे ते असतात, आणि मेमध्ये वर्ग रिकामे असल्याने आठवड्यासाठी द्यायला त्यांची हरकत नसावी. मागणीपत्राचा मसुदा मी करून देतो.

तुझे सर